प्लास्टरखालची रेकॉर्ड

ताईला किळस कशाची येत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. म्हणजे कशाची येते ते नीट कळेल.

कुणाच्या तोंडातून निघालेली, तडकलेली, चहाने तपकिरी पडलेली, परवाच्या जेवणाचे कण अजून फटीत जपून ठेवलेली कवळी तिच्या हातात द्या. ताई ती खिडकीपाशी नेईल, उजेडात उलटीपालटी करेल आणि म्हणेल, "उजवीकडूनच चावतायत हे. डावीकडे टोचतंय का, विचारा बरं." नाकाला पदर नाही की तोंड वाकडं नाही. चाळीस वर्षं ती कवळ्या करत आली. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना वरच्या मजल्यावर, आणि तीन पायऱ्या उतरून खाली तिची खोली. एक लांब टेबल, बारीक ज्योतीचा दिवा, मेणाची गुलाबी पाती, घासायचं यंत्र, आणि फळीवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. प्रत्येकाच्या गळ्यात चिठ्ठी. नवीन माणूस आत आला की त्याला आधी ते जबडे दिसायचे आणि तो दारातच थबकायचा. "या, या," ताई म्हणायची, "ते चावत नाहीत."

शिकायला येणाऱ्या मुलींना ती एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगे. दात डोळ्यांनी रचायचे आणि कानांनी लावायचे. मेणात दात बसवून झाले की ती माणसाला समोरच्या स्टुलावर बसवायची आणि म्हणायची, "साठपासून सत्तरपर्यंत मोजा. घाई नको." एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. 'ष्ट'ची ती लांबलचक रांग ओलांडताना खोटे दात बरोबर पकडले जातात. केसभर पुढे असतील तर सहासष्टला समोरच्याच्या चष्म्यावर तुषार उडतात, केसभर मागे असतील तर शीळ वाजते. कोर्ट गाजवणारे वकील त्या स्टुलावर बसून अडुसष्टला अडखळायचे आणि ओशाळून हसायचे. ताई डोळे मिटून ऐकायची, मग सुरीने मेण एवढंसं खरवडायची. "हं. पुन्हा साठ."

आता किळसेचं. त्या खोलीत एकच वस्तू अशी होती, जिच्याकडे ती धड बघत नसे. टेबलाच्या कोपऱ्यात एक चौकोनी पुठ्ठा कायम पडलेला असायचा. त्याच्यावर ती ओले साचे सुकत ठेवायची. चाळीस वर्षांत त्यावर प्लास्टरची इतकी पांढरी कडी उमटली होती, की खालचं काळं चित्र कुणाला दिसायचं नाही. तो पुठ्ठा म्हणजे रेकॉर्डचं वेष्टण होतं, आणि आत रेकॉर्डही होती. 'ओली भिंत' तिचं नाव. ताईच्या धाकट्या भावाने आणि त्याच्या तीन मित्रांनी विशीत असताना काढलेली. रॉक की काय म्हणतात, ते. कुणी विकत घेतली नाही, कुणी वाजवली नाही, आणि ताईने तर ती वेष्टणातून बाहेरसुद्धा काढली नाही. ती ऐकली तर घास घशाखाली उतरणार नाही, याची तिला खात्री होती.

कारण ती रेकॉर्ड म्हणजे तिच्या लेखी बाबांचा शेवटचा आठवडा.

बाबांना घशाचं दुखणं झालं, तेव्हा ताई चोवीस वर्षांची होती. आई आधीच गेलेली. सकाळ झाली की बाबांना बेसिनपाशी न्यायचं, पाठीवर हात ठेवायचा, दुसऱ्या हाताने तोंडाखाली भांडं धरायचं. काय काय निघायचं त्या घशातून, ते इथे लिहीत नाही. भांडं धुवायचं, पुन्हा धरायचं. डॉक्टर म्हणत होते, भरती करा. काका म्हणत होते, आत्या म्हणत होती, भरती करा. आणि बाबा बेसिनवर वाकून, कळेल न कळेल अशा आवाजात म्हणायचे, "भरती नको. पोरी, भरती नको." ताईने त्यांचं ऐकलं. आठव्या दिवशी बाबा घरीच गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं, कुठलंही कार्य असो, आत्या तिच्या शेजारी येऊन बसायची आणि सुस्कारा सोडायची, "भरती केलं असतं, तर..." त्यापुढचं वाक्य आत्याने कधी पुरं केलं नाही. तेच जास्त लागायचं.

आणि त्या आठवड्यात धाकटा कुठे होता? स्टुडिओत. गाणी रेकॉर्ड करत होता. बाबा गेले त्या दुपारी तो लांब केस घेऊन दारात उभा राहिला. सहा महिन्यांनी रेकॉर्ड आणून टेबलावर ठेवली. ताईने तिच्यावर ओला साचा ठेवला. एवढंच.

बोलणं तुटलं नव्हतं हां. भाऊबहीण म्हणून येणंजाणं होतं. पुढे धाकट्याने केस कापले, वीज कार्यालयात तक्रारी लिहून घ्यायची नोकरी धरली, ती निवृत्त होईपर्यंत केली. पण त्याने गाण्याचा विषय काढला की ताई उठून गॅस बारीक करायला जायची. गॅस चालू नसला तरी.

तर एके सकाळी हा धाकटा तीन पायऱ्या उतरून खाली आला. तोंडाला रुमाल.

"ताई, दात गेले."

"कुठे गेले? बघ, असतील इथंच कुठंतरी."

"चेष्टा नको गं." त्याने रुमाल काढला. वरचा ओठ आत गेला होता, एकदम बाबांसारखा. "डॉक्टरांनी वरचे सगळे काढले. तीन महिने झाले. हिरड्या भरल्यात म्हणाले. ही चिठ्ठी."

"तीन महिने? आणि आज येतोस? खालच्या मजल्यावर बहीण बसलेली, आणि हा तीन महिने पेज पितोय!"

"लाज वाटली."

ताईने चिठ्ठी वाचली. त्याची बोळकी बोलणी ऐकून तिला हसूही येत होतं आणि कसंतरीही होत होतं. धाकट्याच्या पुढच्या दोन दातांत लहानपणी चांगली पेन्सिल जाईल एवढी फट होती. 'साबण' म्हणाला तरी शीळ वाजायची, म्हणून बाबांनीच त्याचं नाव शिट्ट्या ठेवलं होतं. पुढे तिशीत सायकलवरून पडला, ते दोन दात तुटले, त्यावर टोप्या बसल्या, फट गेली आणि शीळही गेली. नाव मात्र राहिलं.

"मला जुना 'स' हवाय," तो म्हणाला.

"काय हवंय?"

मग सगळं बाहेर आलं. जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या कुणा दाढीवाल्याला 'ओली भिंत' एका पेटीत सापडली. त्याने ती ऐकली आणि म्हणे तीन दिवस जेवला नाही.

"बरोबर आहे," ताई म्हणाली. "मीही जेवले नसते."

दाढीवाल्याने ती पुन्हा छापली. लोक वेडे झाले. कुणी तिला दुर्लक्षित म्हणे, कुणी अभिजात. आता महिन्याभराने कार्यक्रम. चौघांपैकी तिघे हयात आहेत, ते पुन्हा वाजवणार. पाचशे माणसं येणार.

"पाचशे! त्यांना घरी काही कामं नाहीत?"

"ताई, त्यांना तो आवाज पाठ आहे. ती शीळ पाठ आहे. नुसते सरळ सुंदर दात लावलेस, तर मी तक्रारी लिहून घेतोय असं वाटेल."

हे बोलणं मात्र ताईच्या कामाचं होतं. एवढ्या वर्षांत हजारोंनी तिला सांगितलं होतं, सरळ दात द्या. 'माझा आवाज परत द्या' असं मागणारा हा पहिलाच. "जुना फोटो आण," ती म्हणाली. "तोंड उघडं असलेला."

"नाही. त्या वयात फोटोत हसणं आम्हाला कमीपणाचं वाटायचं. सगळ्या फोटोंत ओठ शिवल्यासारखे आहेत."

"मग काय राहिलं?"

धाकट्याने टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. प्लास्टरची कडी, त्यावर कुणाचा तरी खालचा जबडा वाळत पडलेला.

"ती... तीच का गं?"

"हो. सपाट आहे, बरी पडते," ताई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "ऐकते. दातांसाठी ऐकते, समजलं? तुझ्यासाठी नाही."

दाढीवाल्याने नवी प्रत पाठवली, सोबत वाजवायचं यंत्रही. नव्या वेष्टणावर एक काळी, ओल धरलेली भिंत होती. ताईला ते चित्र ओळखूच आलं नाही; तिने ते प्लास्टरशिवाय कधी नीट पाहिलंच नव्हतं. दुपारची जेवणं झाल्यावर तिने कागद-पेन्सिल घेतली, स, श, ष असे तीन रकाने आखले आणि खुर्चीत ताठ बसली. तिचे यजमान, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, ज्यांना ती सोडून सगळं गाव मास्तर म्हणतं, त्यांनी यंत्राची सुई खाली टेकवली.

पहिल्या क्षणी ताईला वाटलं, शेजारी कुणीतरी लोखंडी कपाट ओढतंय.

"गिटार आहे ते," मास्तर म्हणाले.

"गिटार असलं म्हणून काय झालं? उचलून न्यावं ना. ओढायचं कशाला?"

मग ढोल. जेवणाची भांडी रागाने आपटणारी बाई असते ना, तसा. आणि त्या सगळ्यावर धाकट्याचा विशीतला आवाज, घसा सोलून काढल्यासारखा: ओली भिंत, ओली भिंत, चाटून बघ, चाटून बघ.

"चाटून?" ताई म्हणाली. "भिंत?"

"ओली आहे म्हणतो."

"म्हणजे जास्तच!"

दुसरं गाणं बाथरूमच्या जाळीत अडकलेल्या केसाला उद्देशून होतं. केसा केसा, तू कुणाचा. तिसरं सायीखाली बुडून मेलेल्या माशीचं. पूर्ण साडेचार मिनिटं ती माशी मरत होती, मध्ये नुसतीच गुणगुण, मग पुन्हा मरत होती. हातात दुसऱ्यांच्या कवळ्या घेऊन शेजारी चहाचा कप ठेवणारी ही बाई, पण तिने त्या दिवशी समोरचा चहा दूर सारला, कारण वर साय धरली होती. जगात एवढं काय काय आहे आणि या मुलाला सुचावं काय तर ओल, केस आणि माशी! याला अभिजात म्हणायचं? तीन दिवस न जेवण्यात त्या दाढीवाल्याचं कौतुक ते काय, कुणाचीही अन्नावरची वासना उडेल.

पण पेन्सिल थांबली नव्हती. 'सायीत'ला पूर्ण शीळ. 'केसा'ला अर्धी. 'श'ला नाही. म्हणजे फट सरळ, खाली किंचित रुंद. डावा दात कणभर पुढे. कान आपलं काम चोख करत होते.

मास्तरांनी बाजू उलटली आणि सोबतची पुस्तिका वाचायला घेतली. "पुढचं गाणं बघ. 'भरती'. लिहिलंय, या रेकॉर्डचा हा कळस. दूर कुठेतरी समुद्र खवळतो. तीन लहान लाटा, मग एक मोठी, आणि किनाऱ्यावर फुटणारा फेस. हा आवाज कुठल्या किनाऱ्यावर टिपला, हे रहस्य कवीने आजवर उघड केलेलं नाही." ते खूश झाले. भरती-ओहोटी हा त्यांचा आवडता धडा. "चला, निदान एक तरी स्वच्छ विषय!"

सुई टेकली.

खर्र. खर्र. खर्र. मग एक लांब, खोल, खालून वर येणारा, चिकट. आणि मग थू.

ताईच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"लाटा हुबेहूब आहेत हं," मास्तर म्हणाले. त्यांचं लग्न बाबा गेल्यानंतरचं. सासऱ्यांचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"लाटा नाहीत त्या," ताई म्हणाली. "बाबा आहेत."

मास्तर सुई उचलायला धावले. तिने हाताने थांबवलं. पुन्हा तीन लहान, एक मोठी. मागे नळाचं ठिबकणं. आणि एका तरुण मुलीचा थकलेला आवाज: "थुंका, बाबा. मी धरलंय." तो आवाज ताईचा होता. चाळीस वर्षांपूर्वीचा, खरखर नसलेला. त्यावर हळूहळू गिटार चढत गेली, आणि धाकटा गायला लागला, ओरडून नाही, पुटपुटत: भरती नको, पोरी, भरती नको.

ताईला आता कान मिटता येईनात. नळाचा ठिबका लांबून येत होता, दाराच्या कडीची कुरकुर मात्र अगदी जवळून. म्हणजे टेपरेकॉर्डर बाथरूमच्या बाहेर होता, उंबऱ्यापाशी, जमिनीवर. आणि कडीहूनही जवळ, दोन खर्रच्या मधल्या शांततेत, कुणीतरी श्वास घेत होतं. आत घेतलेला, दातांतून. त्या श्वासाला शीळ होती.

धाकटा दाराआड उभा होता.

ती उठली, बेसिनपाशी गेली आणि कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावला, पुन्हा धुतले. बाबांच्या घशातून जे यायचं त्याची तिला कधी शिसारी आली नव्हती. पण पाचशे अनोळखी माणसं डोळे मिटून, माना डोलवत, तिच्या बापाचा कफ समुद्र म्हणून ऐकणार, या विचाराने तिला खरोखर ओकारी आली. आणि दुसरी गोष्ट तर त्याहून वाईट. इतकी वर्षं ती समजत होती, की तो तिथे नव्हता. नसलेल्या माणसाला माफ करता येतं. हा तर चार पावलांवर होता. त्याने 'भरती नको' ऐकलं होतं, बाबांच्या तोंडून. आणि आत्या सुस्कारा सोडायची, तेव्हा समोरच्या खुर्चीत चहा पीत गप्प बसायचा.

"दात नाही करायचे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"करणार," ताई म्हणाली. "त्याला बोलायला लागणार आहेत."

आठवड्याने धाकटा मेणातले दात लावून बघायला आला. ताईने ते त्याच्या तोंडात बसवले. "साठ ते सत्तर. घाई नको."

"साठ," तो म्हणाला, आणि दचकला. शीळ वाजली होती. "एकसष्ट. बासष्ट. ताई! ताई, तीच गं! त्रेसष्ट..." सहासष्टला ती अशी स्वच्छ वाजली, की वरच्या जिन्यात कुणीतरी थांबलं. धाकट्याचे डोळे भरून आले. "तू कशी केलीस?"

"काढ," ताई म्हणाली.

"अं?"

"दात काढ. मेणाचे आहेत, अजून तुझे नाहीत." तिने ते त्याच्याकडून घेतले, साच्यावर ठेवले. धाकट्याचा ओठ पुन्हा आत गेला. "आता सांग. तू दाराबाहेर होतास."

त्याने फळीवरच्या जबड्यांकडे पाहिलं. "आवाजावरून कळलं?"

"श्वासावरून."

"रोज होतो," तो म्हणाला. दातांशिवाय शब्द ओले, लिबलिबीत येत होते. "पाच दिवस. सकाळी मागच्या दाराने यायचो. आत पाऊल टाकवायचं नाही. मला किळस यायची गं, ताई."

"मला काय सुगंध यायचा?"

"तसं नाही... टेपरेकॉर्डर लावला, कानाला हेडफोन लावले, की ते बाबांचं खाकरणं राहायचं नाही. नुसता आवाज व्हायचा. मग तिथे उभं राहता यायचं."

"तुला उभं राहता आलं, आणि मला बसता नाही आलं पाच दिवस." ताईचा आवाज चढला नव्हता, पण सुरीने ती रिकाम्या मेणाच्या पातीवर रेघा ओढत होती. "तेही जाऊ दे. सगळी मला म्हणत होती, भरती केलं असतं तर. आत्या म्हणत होती. तू समोर बसलेला. तुला माहीत होतं बाबा काय म्हणाले. एकदा तरी तोंड उघडलंस?"

"गाण्यात म्हटलं."

"गाण्यात! लोकांना समुद्र वाटतो तो! माझ्या नवऱ्यालासुद्धा वाटला!"

धाकटा हसावं की काय या विचारात पडला आणि शहाणपणाने हसला नाही.

"दोन गोष्टी," ताई म्हणाली. "बाबांचा आवाज त्या पाचशे लोकांपुढे वाजवायचा नाही."

"मग गाणं सुरू कसं होणार?"

"तुला घसा आहे ना? स्वतःचा वापर. आणि आत्याला फोन करायचा."

"आत्या नव्वदीच्या पुढे गेली, ताई. ठार बहिरी आहे. ओरडावं लागेल."

"दोन्ही बाजू भरून ओरडलायस तू. माशीसाठी साडेचार मिनिटं ओरडलायस."

तो म्हणाला, "आत्ता करतो."

"आत्ता नको. बोळक्याने बोललास तर तिला एक अक्षर कळायचं नाही. पक्के दात होऊ देत."

चार दिवस ताई ती कवळी घेऊन बसली. मेण जाऊन गुलाबी पक्कं रूप आलं, घासून झालं, चकाकी आली. फट तिने अशी ठेवली होती, की शिकाऊ मुलगी म्हणाली, "ताई, हे चुकून राहिलं का?" "चूकच आहे ती," ताई म्हणाली, "पण त्याची आहे."

धाकटा आला, त्याने दात लावले, आणि आरशात न बघता फोन उचलला. पलीकडून आत्याच्या सुनेने फोन तिच्या कानाला धरला असावा.

"आत्या!" त्याने छातीतून आवाज काढला. फळीवरचे जबडे थरथरले. "आत्या, बाबांनी स्वतः सांगितलं होतं, भरती नको! स्वतः! मी ऐकलंय! ताईने त्यांचंच ऐकलं!"

पलीकडून, ताईलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्या, फाटक्या आवाजात: "कोण? शिट्ट्या का रे?"

"हो, आत्या!"

"ओळखली शीळ. आणि इतकी वर्षं काय दातखीळ बसली होती तुझी?"

आत्या पुढे बरंच काही बोलली, त्यातलं अर्धं सुनेच्या स्वयंपाकाबद्दल होतं. पण फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तिला सांग, मी म्हातारी उगाच बोलत राहिले." ताई त्या वेळी घासायच्या यंत्रावरचा फडका झटकत होती. तो झटकून स्वच्छ झाला, तरी ती झटकतच राहिली.

"आता ते समुद्राचं दाखव," ती पाठमोरीच म्हणाली. "जमतंय का बघू. कवळी सुटता कामा नये."

तिने पेला भरून दिला. धाकट्याने घोट घेतला, मान मागे टाकली. खर्र. खर्र. खर्र. मग ती लांब, खालून येणारी. डोळे मिटले असते तर बाबाच. ताईच्या अंगावर काटा आला, पण हात तिच्या आधीच हलला होता. तिने टेबलावरचं स्टीलचं भांडं उचलून त्याच्या हनुवटीखाली धरलं होतं.

"थुंक," ती म्हणाली. "मी धरलंय."

तो थुंकला. कवळी जागची हलली नाही. थुंकला आणि लगेच तोंड फिरवून भिंतीकडे बघायला लागला, नाक आक्रसून.

"अजूनही बघवत नाही तुला?" ताई म्हणाली. "स्वतःचंसुद्धा?"

त्याने मान हलवली.

ताईने भांडं त्याच्या हातात दिलं आणि कोपऱ्यातल्या नळाकडे बोट दाखवलं. तो गेला. दोन बोटांत भांडं, लांब धरलेला हात, मान उलट्या दिशेला. नळ सोडला. एकदा त्याला उमासा आला, तो त्याने गिळला.

"पाणी नुसतं ओतू नकोस. हात घाल."

त्याने हात घातला.

"कडेला राहिलंय," ताई म्हणाली आणि टेबलाच्या कोपऱ्यातला रेकॉर्डचा पुठ्ठा जवळ ओढून त्यावरचा सुका जबडा बाजूला ठेवू लागली. "साबण लाव. आणि घासून धू."